चूल, धूर आणि उकिरडा : आधी हिशेब, मग गॅसची टाकी

दिवेलागणीच्या वेळेला धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात शिरा. गावाच्या कडेला आपली वस्ती असते आणि वस्तीवर धुराचा निळसर पट्टा तरंगत असतो. कुणाच्या चुलीत तुराट्या, कुणाच्या चुलीत उसाचे पाचट, कुणाकडे गोवऱ्या, तर कुणी दुपारभर हिंडून तोडून आणलेली वेडी बाभूळ. घरात गेले की कोपऱ्यात गॅसची लाल टाकीही दिसते. तिच्यावर फडके घातलेले असते आणि फडक्यावर डबे रचलेले असतात. "पाव्हणं आलं की पेटवितो, एरवी चूलच," असे आम्हाला अनेक घरी ऐकायला मिळाले.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि वस्त्यांमध्ये गॅसची जोडणी पोचली. २०२४ मध्ये राज्याच्या अन्नपूर्णा योजनेतून पात्र घरांना वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याचे ठरले. हे सगळे उपयोगाचेच आहे. पण पाच माणसांच्या घराला महिन्याकाठी जवळजवळ एक टाकी लागते. तीन टाक्या तीन महिन्यांच्या. उरलेल्या नऊ महिन्यांत मजुरी लागली तर टाकी येते, नाही लागली तर चूल पेटते.

त्याच वस्तीच्या दुसऱ्या टोकाला उकिरडा असतो. भाजीची देठे, शिळ्या भाकरी, कोंडा, शेण, पत्रावळ्या. त्यावर माश्या, कुत्री आणि डुकरे. म्हणजे आत चुलीला जळण नाही आणि दाराशी कुजणाऱ्या वस्तूंचा ढीग पडलेला. या दोन दुखण्यांची गाठ घालता येते का? कुजणाऱ्या वस्तूंतून निघणारा गॅस चुलीपर्यंत आणता येतो का?

आमचे उत्तर आधीच सांगतो. आणता येतो. पण प्रत्येक घरी येत नाही, आणि हिशेब न करता तर मुळीच येत नाही. तो हिशेब कसा करायचा, हेच या पानावर मांडतो.

धुराची किंमत कोण मोजते?

धूर डोळ्यांना झोंबतो एवढेच आपल्याला जाणवते. खरा घात करतात ते धुरातले डोळ्यांना न दिसणारे बारीक कण. ते नाकाच्या केसांत अडकत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की हवा खेळती नसलेल्या घरात चुलीच्या धुरामुळे या कणांचे प्रमाण योग्य मर्यादेच्या शंभर पटींपर्यंत जाऊ शकते. त्याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, आणि त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त लेकरे होती.

ज्या बाईने आयुष्यात विडीला हात लावला नाही, तिला विडी ओढणाऱ्यासारखा खोकला आणि धाप का लागते, याचे उत्तर चुलीपाशी आहे. पन्नाशीच्या आत मोतीबिंदू, गरोदरपणात धूर गेल्याने कमी वजनाचे बाळ, मांडीवरच्या लेकराला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, हृदयविकार, फुप्फुसाचा कर्करोग, या सगळ्यांशी चुलीच्या धुराचा संबंध वैद्यकशास्त्राने जोडलेला आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५८.६ टक्के घरांत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन असल्याचे दिसले. म्हणजे शंभरातली चाळीसहून जास्त घरे तेव्हाही धुरातच होती.

या धुराची किंमत घरातला कर्ता पुरुष मोजत नाही. ती मोजते पहाटे चुलीपुढे बसणारी बाई आणि तिच्या पाठीला चिकटलेले पोर. म्हणून इंधनाचा प्रश्न आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

हा गॅस म्हणजे नेमके काय?

शेण, खरकटे, भाजीपाला असे काहीही हवा न लागणाऱ्या बंद टाकीत पाण्यात कालवून ठेवले, की त्यातले जिवाणू ते खाऊन वायू सोडतात. या वायूच्या शंभर भागांत साधारण ५५ ते ६५ भाग मिथेन असतो. जळतो तो मिथेनच. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ आणि सडक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड. गॅस निघाल्यावर टाकीत उरते ती रबडी, म्हणजे स्लरी. ती चांगले खत असते. गोवरी जाळली तर शेण राख होऊन जाते. टाकीत घातले तर गॅसही मिळतो आणि खतही उरते.

ही गोष्ट परदेशातून आलेली नवलाई नाही. मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी आश्रम होता. समाजाने ज्यांना गावाबाहेर, घराबाहेर काढले, अशी माणसे तिथे राहत. १८९७ साली त्या आश्रमात मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू गोळा करून त्यावर दिवे लावले गेले. भारतातल्या बायोगॅसच्या इतिहासातला हा अगदी सुरुवातीचा प्रयोग मानला जातो. ज्यांची सावली लोकांना नको होती, त्यांच्याच टाकीतून उजेड निघाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी लोखंडी ड्रम वर-खाली होणारे गोबरगॅस यंत्र तयार केले आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. १९८१-८२ मध्ये केंद्र सरकारने बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १९८४ मध्ये 'दीनबंधू' नावाचा, लोखंड न लागणारा, विटांच्या घुमटाचा नमुना आला.

त्या काळात आपल्या भागातही गोबरगॅस बसले. आज त्यांतले किती चालू आहेत, ते तुमच्याच गावात फिरून पाहा. आमच्या माहितीतल्या एका घरी गंजलेला ड्रम बाजूला काढून ठेवला आहे आणि त्यात कोंबड्या बसतात. घरातली म्हातारी म्हणाली, "दुष्काळात बैल इकलं, मग टाकीत घालायचं काय?" तिच्या या एका वाक्यात बंद पडलेल्या बहुतेक गोबरगॅसची कहाणी आली. टाकी बांधताना शेण किती, पाणी किती, दुरुस्ती कोण करणार, हे कुणी विचारले नव्हते. अनुदान आले, खड्डा झाला, फोटो निघाला. पुढे जनावरे गेली आणि टाकीही गेली.

हिशेब : टाकीत काय जाईल?

आता वही काढा. हे आकडे साधारण आहेत. थंडीत ते कमी होतील, उन्हाळ्यात वाढतील.

एका माणसाच्या दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला दिवसाला पाव घनमीटर गॅस लागतो. पाच माणसांचे घर धरले तर सव्वा घनमीटर.

आता जमेची बाजू पाहू.

ताजे शेण २५ किलो घातले की एक घनमीटर गॅस मिळतो. एक गाय किंवा बैल दिवसाला दहा-बारा किलो शेण देतो, म्हैस थोडे जास्त. म्हणजे दोन जनावरांमागे पाऊण ते एक घनमीटर.

स्वयंपाकघरातले खरकटे आणि भाजीचा कचरा १० किलो असेल, तर साधारण एक घनमीटर. पण एका घरात रोज निघतो फार तर दीड किलो. त्यातून मिळेल जेमतेम ०.१५ घनमीटर.

शौचालय टाकीला जोडले, तर माणशी ०.०३ घनमीटर. पाच माणसांमागे आणखी ०.१५.

आता बेरीज करा. ज्या घरी दोन जनावरे आहेत, खरकटे टाकीत जाते आणि शौचालयही जोडले आहे, त्या घरी जवळजवळ १.२ घनमीटर होतो. म्हणजे घराचा बहुतेक सगळा स्वयंपाक. एक घनमीटर गॅस सुमारे ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसचे काम करतो. त्या हिशेबाने महिन्याला १४.२ किलोची एक टाकी वाचली.

ज्या घरी जनावर नाही, तिथे खरकटे आणि शौचालय मिळून ०.३ घनमीटर. त्यावर सकाळचा चहा आणि एका वेळचा भात-भाजीचा स्वयंपाक होईल, भाकऱ्या होणार नाहीत. वर्षाला तीन टाक्या वाचतील. थोडे नाही, पण 'आता गॅस विकत घ्यायची गरज नाही' असे कुणी सांगत आले, तर ते खोटे आहे.

आणि शेळ्या? आपल्याकडे भूमिहीन घरातही दोन-चार उस्मानाबादी शेळ्या असतात. लेंड्या टाकीत चालतात, पण त्या कोरड्या व कठीण असतात. रात्रभर भिजवून, चेचून घालाव्या लागतात, नाहीतर वर तरंगून साय धरतात. चार शेळ्यांवर घराची शेगडी चालणार नाही. शेणाला किंवा खरकट्याला जोड म्हणून त्या घालाव्यात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की खड्डा खणण्याआधी एक आठवडा वजन करा. झाकणाची बादली ठेवा, रोजचे खरकटे आणि शेण तोला, वहीत लिहा. सात दिवसांचा आकडा हातात आला, की टाकी किती मोठी हवी, एकट्याने बांधायची की चार घरांनी मिळून, का बांधूच नये, हे तुम्हाला स्वतःलाच कळेल.

पुणे आणि मुंबईतले दोन प्रयोग

शेणाशिवाय गॅस होतो का, हा प्रश्न महाराष्ट्रातच सोडवला गेला. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी साधा विचार केला. शेण म्हणजे जनावराने आधीच पचवलेले अन्न. त्यातला कस गाय-म्हैस घेऊन बसली आहे. मग जिवाणूंना थेट अन्नच का देऊ नये? शिळा भात, कणीक, खराब झालेले पीठ, सडकी फळे यांतून शेणाच्या मानाने किती तरी पट जास्त गॅस निघतो, हे त्यांनी दाखवले. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या एकमेकींत उलट्या-सुलट्या बसवून घराच्या अंगणात किंवा गच्चीवर ठेवता येईल असे यंत्र केले. २००६ साली या कामाला लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

दुसरा प्रयोग मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातला. तिथे डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' प्रकल्प उभा केला. त्यात ओला कचरा दळून, गरम पाण्यात कालवून आधी एका टाकीत पचवतात आणि मग दुसऱ्या बंद टाकीत सोडतात. हा प्रकल्प एका घरासाठी नाही. मोठी वसाहत, भाजी मंडई, नगरपालिका यांच्यासाठी आहे.

या दोन्हींतून आपल्याला धडा मिळतो. घराला लहान टाकी, समूहाला मोठा प्रकल्प, आणि दोन्हीकडे कचरा रोज, वेळेवर, वेगळा केलेलाच आला पाहिजे.

आपल्या जिल्ह्याच्या दोन अडचणी : पाणी आणि ऊसतोड

जेवढे शेण, तेवढेच पाणी लागते. २५ किलो शेणाला २५ लिटर. टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला हे सांगणे सोपे नाही. म्हणून वापरलेले पाणी वापरा. डाळ-तांदूळ धुतलेले, साबण लावण्याआधी भांडी विसळलेले, भाजी धुतलेले पाणी चालते. बाहेर पडणाऱ्या स्लरीचे निवळ पाणी पुन्हा कालवायला घेता येते. साबणाचे पाणी मात्र कधीच नको, त्याने जिवाणू मरतात. एवढे करूनही मार्चनंतर पाणी पुरणार नसेल, तर मोठी टाकी बांधू नका.

दुसरी अडचण आणखी मोठी आहे. भूम, वाशी, कळंब, परंडा भागातली कित्येक कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ती पट्टा पडेपर्यंत परत येत नाहीत. मग टाकीला कोण जेवू घालणार? टाकी ही दुभत्या जनावरासारखी आहे. खाणे बंद झाले की गॅस आटतो. घरी म्हातारी माणसे असतील आणि त्यांना बादली उचलणे झेपत असेल तर ठीक. नसेल, तर अशा घराने एकट्याने टाकी बांधण्याऐवजी शेजाऱ्याच्या सामायिक टाकीत वाटा घ्यावा. काही महिने बंद ठेवायचीच झाली, तर गॅस मोकळा सोडून द्यावा, आतली रबडी कोरडी पडू देऊ नये, आणि परत आल्यावर थोड्या शेणापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवावे.

टाकीचे पथ्य

टाकीचे पोट माणसाच्या पोटासारखेच असते. सुरुवात नेहमी शेणाच्या काल्याने करायची, कारण जिवाणू शेणातूनच येतात. चांगला जळणारा गॅस यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यानंतर खरकटे थोडे थोडे वाढवत न्यायचे. लग्नाचे उरलेले पातेलेभर अन्न एका दिवशी ओतले, तर टाकी 'आंबते', गॅस बंद होतो आणि घाण वास सुटतो. असे झाले तर आठ दिवस काही घालू नका, मग शेणाने पुन्हा सुरुवात करा.

काय चालते : शेण, शिळी भाकरी, भात, वरण, भाजीची देठे व पाने बारीक चिरून, फळांच्या साली, खराब पीठ.

काय चालत नाही : लिंबू-मोसंबीच्या साली, कांद्याचा पाला जास्त प्रमाणात, हाडे, अंड्याची टरफले, नारळाची करवंटी, काड्या, माती-वाळू, फिनेल, अ‍ॅसिड, साबण, औषधे, प्लॅस्टिक, सॅनिटरी पॅड. शौचालय जोडले असेल, तर ते अ‍ॅसिड किंवा फिनेल ओतून धुवायचे नाही, ब्रश आणि पाण्याने धुवायचे.

कचरा ज्याचा, काम त्याचे

आता मनातली गोष्ट बोलू. वस्तीत हा विषय काढला, की एक तरी वडीलधारा माणूस उठून विचारतो, "पुन्हा शेणा-मैल्यातच हात घालायचा काय आमी?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९४१ साली बाबासाहेब याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. वतनाची कामे, मेलेली ढोरे ओढणे, गावाची घाण उपसणे, हे सारे टाकून देऊन आपली माणसे ताठ उभी राहिली. त्या माणसांच्या नातवंडांना कचऱ्याचे महत्त्व सांगताना जपून बोलले पाहिजे.

आमचे मत स्पष्ट आहे. स्वतःच्या घरचे शेण, स्वतःच्या घरचे खरकटे स्वतःच्या चुलीसाठी टाकीत घालणे यात कमीपणा नाही. तो आपल्या घरचा व्यवहार आहे. पण गावाचा, हॉटेलांचा, कार्यालयांचा कचरा उचलून आणायचे काम 'तुम्हाला गॅस मिळतोय ना' म्हणून आपल्या वस्तीवर टाकले जात असेल, तर ती जुनीच गोष्ट नव्या नावाने आली असे समजा. घनकचरा नियमांनुसार ओला-सुका कचरा वेगळा करून देणे ही तो निर्माण करणाऱ्याची जबाबदारी आहे. कचरा वेगळा करून टाकीपर्यंत पोचवायचा तो देणाऱ्याने. तिथे काम करणाऱ्याला मजुरी, हातमोजे आणि गमबूट मिळालेच पाहिजेत. आणि ते काम कुणाच्या जातीवरून ठरता कामा नये.

घरातही हीच कसोटी लावा. सकाळी पाण्याच्या खेपा, मग बादलीभर शेण कालवणे, मग स्वयंपाक, मग रानात मजुरी. सारे एकाच बाईच्या अंगावर आले, तर धुरातून सुटका आणि कामात भर एवढेच होईल. टाकी घालायचे काम घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी वाटून घ्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

टाकीत उतरायचे नाही

या लेखातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका. गॅसची टाकी तुंबली, गाळ भरला, काही आत पडले, कारण काहीही असो, कुणीही आत उतरायचे नाही. आत हवा नसते. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणेच बंद होते आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. गटार आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. पण गेलेला माणूस पैशाने परत येत नाही. गॅसची टाकी सेप्टिक टाकीपेक्षा कमी धोक्याची नाही. सफाई बाहेरून, यंत्राने करायची.

बाकीची काळजी अशी घ्या :

• टाकी उघड्यावर, उन्हात, विहीर-बोअरपासून १०-१५ मीटर दूर असावी. दोन्ही कुंड्यांवर घट्ट झाकणे हवीत. लेकरू, करडू आत पडता कामा नये.

• पहिल्यांदा आलेला गॅस पेटवू नका, मोकळा सोडा. त्यात हवा मिसळलेली असते, भडका होऊ शकतो.

• गळती पाहायला काडी ओढू नका. साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की गळती.

• सिलिंडरचा गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो. हा गॅस हलका असतो, वर छपराला जातो. म्हणून भिंतीत वरच्या बाजूला झरोका हवाच.

• शेगडी बायोगॅसचीच घ्या. सिलिंडरची शेगडी तशीच जोडू नका. हा गॅस सिलिंडरमध्ये भरायचा प्रयत्न कधीही करू नका.

• नळीत पाणी साचते, ते आठवड्याला काढा. ज्योत निळी हवी. पिवळी ज्योत म्हणजे शेगडीत काहीतरी बिघाड.

• काम झाल्यावर साबणाने हात धुवा. स्लरीचा खड्डा झाकून ठेवा, नाहीतर माश्या-डास होतात. शौचालय जोडलेल्या टाकीची ताजी स्लरी कोथिंबीर, मेथी, काकडी यांना घालू नका. ती कंपोस्ट खड्ड्यात काही महिने कुजवून मगच वापरा.

वसतिगृह, विहार, चार घरे

एका घराला न परवडणारी गोष्ट समूहाला परवडते. शंभर मुलांच्या वसतिगृहात रोज पंधरा किलो उष्टे-खरकटे निघत असेल, तर दीड घनमीटर गॅस होतो. महिन्याला १९ किलोच्या मोठ्या सिलिंडरइतका. मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहांत अशी मागणी पालकांनी करायला हरकत नाही. मुलांना विज्ञान डोळ्यांपुढे दिसेल, ते वेगळेच.

विहाराचा विचार करताना मात्र पुन्हा हिशेब आठवा. १४ एप्रिलला, वैशाख पौर्णिमेला पंगत होते आणि भरपूर अन्न उरते. पण टाकीला रोज खायला लागते, वर्षातून चार दिवस नाही. विहाराशेजारच्या आठ-दहा घरांनी रोजचे खरकटे आणून घालायचे ठरवले, तरच तिथे टाकी चालेल. मग त्या गॅसवर वर्षावासातला चहा, बैठकीचा चहा निघेल आणि स्लरी झाडांना जाईल.

१९९३ च्या भूकंपानंतर या भागातल्या बायकांनी एकत्र येऊन काय काय केले, ते आपण पाहिले आहे. धाराशिव-लातूर भागात महिलांबरोबर काम करणाऱ्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. घरच्या जमिनीतला एखादा एकर मागून घेऊन त्यात घरच्यासाठी अन्न पिकवायचे, ही वाट या बायकांनी धरली. अशा तुकड्याला स्लरी मिळाली, तर खताचा खर्च वाचतो. निर्णय बायकांच्या हाती असला, की टाकी बंद पडत नाही, कारण धूर कुणाच्या डोळ्यांत जातो हे त्यांना ठाऊक असते.

अर्ज कुठे करायचा?

बायोगॅसची अनुदान योजना आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत चालते. अर्जासाठी पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडे जायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून विहिरीसाठी ज्या कार्यालयात गेला असाल, तेच हे कार्यालय. आधार, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, जागेचा उतारा आणि फोटो सोबत न्या. तिथे चार प्रश्न नक्की विचारा. यंदाचे उद्दिष्ट शिल्लक आहे का? अनुसूचित जातीसाठी अनुदानाचा दर किती? शौचालय जोडल्यास जादा किती? आणि बांधल्यावर दुरुस्तीची हमी किती वर्षांची, ती कोण देणार? चौथ्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्या. आणि बौद्ध म्हणून कुणी अडवले, तर सांगा, की १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा दिलेला आहे.

पूर्ण गावासाठी मोठा प्रकल्प हवा असेल, तर स्वच्छ भारत मिशनखाली 'गोबरधन' योजना आहे. त्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडावा लागतो. ठराव मांडताना जागेचा मुद्दा आधी काढा. प्रकल्प आपल्या वस्तीला चिकटून आणि गॅस गावाच्या दुसऱ्या टोकाला, असे होऊ देऊ नका.

ज्यांचा हिशेब जुळत नाही, त्यांनी काय करावे?

वजन करून पाहिले आणि टाकी परवडत नाही असे ठरले, तर निराश होऊ नका. धूर कमी करायचे आणखी मार्ग आहेत. चुलीवर छपराबाहेर जाणारे धुराडे बसवा. जळण ओले जाळू नका, पावसाळ्याआधी वाळवून झाकून ठेवा. डाळ-तांदूळ भिजवून शिजवा आणि भांड्यावर झाकण ठेवा, जळण कमी लागते. स्वयंपाक चालू असताना तान्ह्या लेकराला चुलीपासून दूर, दुसऱ्या कुणाच्या कडेवर द्या. टाकी भरणे जमेल तेव्हा पहिला मान पाहुण्यांना नको, घरातल्या गरोदर बाईला द्या. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर 'धुराचाच आहे' म्हणून घरी बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका तपासून घ्या, क्षयरोगही असू शकतो.

येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी बसून हे पान वाचा. सोमवारी एक झाकणाची बादली, एक काटा आणि एक वही चुलीशेजारी ठेवा. सात दिवसांचा आकडा काय आला, तो आम्हाला कळवा. टाकी बांधायची की नाही, ते तो आकडाच सांगेल.

जयभीम.